दोन किलो शंभर

मी पुस्तक काखेत धरून आलो होतो, ओबेद,
पण तुझ्या दारात चपला काढताना
ते फार जड वाटलं.
खिडकीत ठेवलं,
सुपात सुकत घातलेल्या सुंगटांशेजारी,
आणि जाताना विसरलो.
राहू दे तुझ्याकडे.

एका राजाचं मूल सातव्या दिवशी गेलं,
तो जमिनीवरून उठला, अंघोळ केली, जेवायला बसला:
ही गोष्ट मी मयतीच्या चार घरांत सांगितलीय.
तुमच्याकडे नाही सांगितली.
राणीला पान्हा फुटत होता का,
ते तिथे लिहिलेलं नाही.
आणि शलोमी कोपऱ्यात बसली होती,
तिचा झंपर दोन्हीकडे भिजत होता.
हे माझ्या बायकोनं पाहिलं, मी नाही.
ती वास्कोच्या बाजारातून कोबीचा गड्डा घेऊन आली,
थंड पानं, जुन्या लुगड्याच्या पट्ट्या,
आणि आतून कडी लावून घेतली.
त्या दिवशीचा उपदेश तेवढाच झाला.

शेजारच्या इझिल्दा बायनं विचारलं,
तिका उदक घाल्लें गो?
वाईट मनानं नव्हे.
पेजेचं भांडं खाली ठेवता ठेवता विचारलं.
तिच्या आईचं एक असंच गेलेलं,
भिंतीबाहेर पुरलेलं,
सत्तर वर्षं त्या घरात त्याच्याबद्दल कुणी बोललं नाही.
पण रात्री तू मला तेच विचारलंस, शलोमी:
पास्टर, बांबोळीला नर्सकडे
वाटीभर पाणी मागितलं असतं तर?

ऐक.
मी माणसांना बायण्याच्या समुद्रात उतरवतो,
भरती-ओहोटी बघून,
कमरेएवढ्या पाण्यात उभं करून विचारतो,
आणि ती आपल्या तोंडानं हो म्हणतात.
तिच्या तोंडात अजून शब्दच नव्हता.
जिला प्रश्न कळत नाही
तिच्याकडे तो उत्तर मागत नाही.
अक्षरओळख नसलेल्या पोराला
परीक्षेत नापास करणारा मास्तर मी पाहिला नाही,
आणि देव मास्तराहून कोता आहे
हे मी मानणार नाही.
एवढंच माझ्याजवळ आहे. पुरावा नाही.
आठवड्याचे सहा दिवस मी बंदरात
दुसऱ्यांच्या मालाची मोजदाद लिहितो.
ज्या पेटीवर शिक्का नाही
ती बेवारशी, असं आम्ही म्हणतो.
तो नियम धक्क्यावरचा.
धक्क्याबाहेर तो चालत नाही.

मेस्त सांताननं फणसाच्या फळीची पेटी केली,
आतल्या बाजूनं दोनदा रंधा फिरवला.
कूस लागता कामा नये, म्हणाला,
आणि पैशांचं नाव काढल्यावर
करवत पुसत बसला.

ओबेद, तू बार्जवरचा माणूस.
पाण्याची रेघ कुठवर बुडाली ते बघून
खनिजाचं वजन सांगतोस,
दोन हजार टनांत पाच-दहाचा फरक.
रिक्षात पेटी मांडीवर घेतलीस
आणि सडा येईपर्यंत गप्प होतास.
मग म्हणालास, दोन किलो शंभर होती.
रेघ हललीसुद्धा नसती.
मला उत्तर सुचलं नाही.
अजूनही सुचलेलं नाही.
चढावर रिक्षा कण्हत होती
आणि मी पेटीच्या खालून हात घातला,
दुसरीकडून.

मातीपाशी इझिल्दा बाय आली, काळी छत्री घेऊन.
आमच्या प्रार्थनेच्या मध्येच तिनं क्रूस काढला,
काहीतरी पुटपुटली.
मी थांबलो. तिचं होऊ दिलं.

येत्या रविवारी बालकार्पण होतं.
वहीत पेन्सिलीनं ओळ आखून ठेवली होती,
नावाची जागा मोकळी,
ते तुम्ही मंडळीसमोर सांगणार होतात.
काल ती ओळ खोडायला बसलो.
खोडरबर सापडलं, हात चालला नाही.
घाई नाही.
या महिन्यात, नाहीतर पुढच्या वर्षी,
किंवा दुसरं मूल मांडीवर असताना
अचानक कधीतरी वाटलं,
तर या आणि नाव सांगा. शाईनं लिहीन.
वही टेबलाच्या वरच्या खणात असते,
खणाला कुलूप नाही.

आणि कोबी अजून अर्धा शिल्लक आहे.
ती उद्या येईल.